गावाचं दप्तर राखायचं कसं? नव्या इतिहास मंडळासाठी कामाची वाट

तालुक्याच्या गावात इतिहासवेडी चार माणसं जमली की पहिला विषय निघतो तो संग्रहालयाचा. जागा कोण देईल, उद्घाटनाला कोण येईल, फलकावर कोणाची नावं. दोन बैठका यातच जातात आणि तिसऱ्या बैठकीला निम्मी माणसं गळतात.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. पहिली दोन-तीन वर्षं मंडळाने एकही वस्तू गोळा करू नये, नोंदी गोळा कराव्यात. वस्तू जिथे आहे तिथे, ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे राहू द्या. ती तिथे आहे, अशी आहे आणि तिच्याबद्दल तिथले लोक हे सांगतात, एवढं कागदावर आणा. वेशीवरचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव दगड, त्या वेशीबद्दल काहीतरी सांगतो. तोच उचलून ग्रामपंचायतीच्या आवारात कुंड्यांच्या रांगेत उभा केला की त्याची निम्मी साक्ष गेली.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाड्यांनी वाईला हाती लागलेल्या कागदांवरून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. पुढे गावोगाव हिंडून, माळ्यांवरची आणि फडताळांतली दप्तरं धुंडाळून त्याचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळ्याला वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघालं. तुमचं मंडळ यांच्या तोडीचं व्हायची गरज नाही. मोठ्या संस्था पेशवाईचं दप्तर सांभाळतात. तुमच्या गावच्या शाळेचं १९०५ सालचं रजिस्टर मात्र तुमच्याशिवाय कोणी सांभाळणार नाही.

पहिलं काम: माणसं आणि वही

पाच-सात माणसं पुरतात, पण ती एकाच आळीतली नकोत. निवृत्त तलाठी मिळाला तर सोन्याहून पिवळं; कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात असतो हे त्याला झोपेतही सांगता येतं. एखादे जुने शिक्षक, देवळाच्या गुरवाच्या घरातलं कोणी, फोटो नीट काढणारी एखादी कॉलेजची मुलगी, आणि प्रत्येक वाडी-वस्तीतला किमान एक जण. ज्या वस्तीतलं माणूस मंडळात नाही त्या वस्तीचा इतिहास वहीत येत नाही, हे अनुभवाने पटतं.

वही बांधीव घ्या, सुट्या फायली नकोत. संगणकावरचा तक्ता नंतर करता येतो, पण मूळ नोंद शाईने, पानांना क्रमांक घातलेल्या वहीत. रकाने असे: अनुक्रमांक, तारीख, काय आहे, कुठे आहे (गाव, वाडी, गट नंबर, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश), कोणाच्या ताब्यात, मोजमाप, सध्याची अवस्था, फोटोंचे क्रमांक, नोंदणाऱ्याची सही. याखेरीज दोन रकाने वेगळे ठेवा: 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. दगडावर तलवार घेतलेला माणूस कोरलाय, हे पाहिलं. तो पाटलांचा मूळपुरुष आहे, हे ऐकलं. दोन्ही लिहायचं, पण एका रकान्यात नाही. गावोगावच्या स्मरणिकांमध्ये जो घोळ दिसतो, त्यातला बराचसा या दोन रकान्यांची सरमिसळ झाल्याने झालेला असतो.

एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. वस्तू हरवली, चोरीला गेली तरी क्रमांक तसाच राहतो आणि समोर तसा शेरा येतो.

दुसरं काम: छापलेलं आधी वाचा

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं निघाली, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, नाशिकचा १८८३ चा, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे. आपल्या गावाचं पान काढा. किती घरं, बाजाराचा वार, घाटवाट, जत्रा, तळं, कुठला माग चालतो, असं बरंच सापडतं. लिहिणारे परके होते, त्यांचे जातींबद्दलचे शेरे डोळे झाकून घेऊ नका. पण १८८५ साली गावात दोन बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, होत्या असं त्यात लिहिलं असेल आणि आज एकच दिसत असेल, तर शोधायला एक काम मिळालं. राज्याच्या दर्शनिका विभागाने पुढे काढलेली मराठी गॅझेटियरंही चाळा. हे वाचन आठवडाभराचं आहे. यापेक्षा जास्त रेंगाळू नका.

तिसरं काम: कागद कुठे कुठे असतो

नवशिक्याला वाटतं, कागद म्हणजे वाड्यातला मोडी रुमाल, म्हणजे जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा. असतो, पण तो शेवटी. आधी सरकारी आणि सार्वजनिक जागा बघा.

तहसील आणि तलाठी कार्यालयात जुने फेरफार, इनामाच्या नोंदी, गावनकाशे असतात. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक'. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर तर मी सगळ्यांच्या वर ठेवतो. त्यात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख आणि 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. त्या एका रकान्यावर गावाचा शंभर वर्षांचा संसार दिसतो: शेतकामामुळे, परगावी गेला, सततची गैरहजेरी. १८९७ ते १९०० च्या आसपासची पानं शिल्लक असतील तर प्लेग आणि दुष्काळाची खूण तिथे दिसते का बघा. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, हेही तिथेच कळतं.

मग विविध कार्यकारी सोसायटीची जुनी इतिवृत्तं, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, सार्वजनिक वाचनालयाची नोंदबुकं, सावकारी पेढीच्या चोपड्या. आणि दोन ठिकाणं गावाबाहेरची. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या गावातून कोण कधी आलं आणि त्याच्या बापाचं-आज्याचं नाव काय, हे पिढ्यानपिढ्या लिहिलेलं आहे. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात असाल तर हेळवी गावात कधी येतात ते विचारून ठेवा. घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ सांगणारी ही माणसं आता कमी होत चालली आहेत.

मोठा साठा पुण्याच्या पुरालेखागारात आहे, पेशवे दप्तराचा, कोट्यवधी मोडी कागदांचा. तिथे 'आमच्या गावाचं काही आहे का' असं विचारत जाऊ नका. गाव कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत (हे जुने महसुली विभाग) होतं, कोणाकडे जहागीर किंवा सरंजाम होता, हे ठरवून जा. तरच हाती काही लागतं.

चौथं काम: घरात शिरण्याआधी

खासगी कागद लोक सहज दाखवत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. कागद बाहेर आला की इनामाच्या जमिनीवरून भाऊबंदकी उकरली जाईल ही धास्ती असते. काही घरांना १९४८ चा अनुभव आहे. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वाडे जळाले, त्यांच्याबरोबर दप्तरंही गेली. जे वाचलं ते त्या घरांनी मुठीत धरून ठेवलं.

म्हणून पहिल्या भेटीत कागद मागायचाच नाही. चहा घ्या, घराबद्दल विचारा, निघा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत साधारण असं बोलणं होतं:

"काका, कागद तुमच्याकडेच राहतील. इथेच, तुमच्या ओसरीवर बसून फोटो काढतो. एक प्रत तुम्हाला देतो."

"आणि त्यात जमिनीचं काही निघालं तर?"

"वाचून तुम्हालाच आधी सांगू. तुमच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर देणार नाही."

हे नुसतं बोलून भागत नाही. एक पानाचं संमतीपत्र मराठीत करून ठेवा: कागद कोणाचे, फोटो कोणी काढले, छापायला परवानगी आहे की नाही, नाव द्यायचं की नाही. दोन प्रती, दोघांच्या सह्या. घरातल्या एका भावाची सही घेतली आणि दुसऱ्याला कळवलंच नाही, असं करू नका.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. मंडळाकडे लोक येतील, आमची नोंद बघून द्या म्हणतील. मदत जरूर करा, पण कागदात जे अक्षर आहे तेवढंच देवनागरीत उतरवून द्या. त्याचा अर्थ काय, कोणाला काय मिळायला हवं, हे सांगणं मंडळाचं काम नाही. एकदा त्या फंदात पडलात की पुढच्या दारात तुम्हाला कोणी उभं करणार नाही.

पाचवं काम: रुमाल सोडताना

इथे घाई केली की नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रुमाल सोडण्याआधी तो बांधलेल्या स्थितीत चारही बाजूंनी फोटो काढा. वर चिठ्ठी असेल, कापडावर काही लिहिलं असेल तर तेही. स्वच्छ धुतलेली पांढरी चादर जमिनीवर अंथरा. पंखा बंद. चहाचे कप दुसऱ्या खोलीत. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे लागत नाहीत, उलट मोज्याच्या बोटांना कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. थुंकी लावून पान उलटायची सवय ज्याला आहे त्याला त्या दिवशी लिहायला बसवा.

गाठ सुटली की आतले कागद ज्या क्रमाने निघतील तोच क्रम ठेवायचा. शंभर वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने एका वादाचे कागद एकत्र बांधले असतील. तुम्ही ते 'विषयवार' लावलेत की त्या वादाची सलग गोष्ट मोडते. एकेका कागदावर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक: रुमाल क्रमांक, तिरपी रेघ, कागद क्रमांक. पेन नाही, स्टिकर नाही, स्टेपलर तर नाहीच.

कागद उलगडताना त्यातून बारीक चकाकती रेती पडली तर दचकू नका. शाई सुकवायला टाकलेली वाळू दोनशे वर्षं घडीत तशीच राहिलेली असते. लांब कागद गुंडाळीत असतात, एकाला एक डकवून केलेले. अशा कागदाच्या पाठीवर सांध्यांवर शिक्के मारलेले असतात, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. त्यामुळे पाठ कोरी वाटली तरी तिचा फोटो घ्यायचाच. 'लेखनसीमा', 'मोर्तब सुद' अशी मजकूर संपल्याची अक्षरं कुठे आहेत, शिक्का आहे की नाही, यावरून अस्सल की नक्कल ते पुढे ठरवता येतं. नक्कल आहे म्हणून टाकून द्यायची नसते. अनेकदा अस्सल केव्हाच गेलेला असतो आणि नकलेवरच सगळं उभं असतं.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. चांगला मोबाइल तिवईवर, कागदाला समांतर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. कडेला फुटपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. स्कॅनर असेल तर किमान ३०० डीपीआय. बारीक अक्षराला ६००. पण तुकडे पडणारा कागद स्कॅनरच्या काचेवर दाबू नका. फाईलचं नाव वहीतल्या क्रमांकाशी जुळलं पाहिजे. 'व्हॉट्सॲप इमेज' अशा नावाच्या चारशे फाईली म्हणजे काम झालेलंच नाही. प्रती तीन: एक मंडळाच्या डिस्कवर, एक दुसऱ्या सभासदाच्या घरी, एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर.

मोडी वाचायला कोणीतरी शिकायलाच हवं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, इतर काही संस्थाही घेतात. मुळाक्षरं पंधरवड्यात येतात, वाचन मात्र सरावानेच. सुरुवातीला पाठ्यपुस्तकातली सुबक मोडी वाचून हुरळून जाऊ नका. गावच्या कुळकर्ण्याचा बोरू वेगळाच धावतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत, तेव्हा एकदा लिपी आली की वाचायला आयुष्य पुरणार नाही.

सहावं काम: तारीख लावणं

कागदात इसवी सन नसतो, यावरच निम्मे लोक अडतात. गणित सोपं आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते फाल्गुनअखेरचे दिवस असतील तर ७९. दख्खनी फसली सनात, म्हणजे महसुली सालात, ५९० किंवा ५९१. सुहूर सनात ५९९ किंवा ६००. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक १६७४ च्या ज्येष्ठात सुरू झाला, त्यात १६७३ किंवा १६७४ मिळवा. फसली आणि सुहूर ही दोन्ही मृगसालं: मृग नक्षत्र लागलं की वर्ष बदलतं, म्हणून हे 'किंवा'.

सुहूर सन आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत, एककापासून हजाराकडे लिहितात. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, मग सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' दिसलं तर एक, साठ, शंभर, हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०-६१, पानिपताचं साल. एवढी यादी पुठ्ठ्यावर लिहून जवळ ठेवा. तारखेच्या आधी 'छ' असेल तर ती चांद्र तारीख, मुसलमानी महिन्याची. तिथून पुढे नेमका दिवस काढायचा तर छापील जंत्री, म्हणजे तारखांचे तक्ते, लागते. वहीत मूळ अक्षरं जशीच्या तशी लिहा आणि तुमचं गणित वेगळ्या शाईने शेजारी.

सातवं काम: दगड

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. कधी गाईगुरं दिसतात. गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला असं समजायचं. मधे अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो, माथ्यावर चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात. गधेगाळावर गाढव आणि बाई, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. याची नोंद घ्यायला लोक लाजतात आणि अनेक ठिकाणी त्यालाच शेंदूर फासून देव केलेला असतो. अलिबागजवळच्या अक्षीचा गधेगाळ वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून होता; शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनानुसार त्यावरचा लेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. तेव्हा उकिरड्याजवळचा दगडही वाकून बघा.

मोजमाप घ्या, पण जमिनीखालचा भाग उकरू नका. जितका वर आहे तितका मोजा आणि तसं लिहा. मोहरा कोणत्या दिशेला, शेजारी काय आहे, लोक त्याला काय म्हणतात. पूजेतला दगड असेल तर गुरवाला किंवा घरच्या बाईला विचारूनच हात लावा.

झिजलेला लेख वाचायला खडू, पीठ, तेल यातलं काही लागत नाही. पिठाने मुंग्या येतात आणि खडू खाचेत बसून राहतो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला अगदी लगटून, आडवा धरा. दुपारी न दिसलेली अक्षरं सावलीने उठून येतात. टॉर्च चारी बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्या. ओल्या कागदाचा ठसा घ्यायची पद्धत चांगली आहे, पण ती कोणाकडून तरी शिकूनच, आणि पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर नाही. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी.

आणि ऑइलपेंट. गावाने प्रेमाने देऊळ रंगवायचं ठरवलं की कमिटीत जाऊन बसा. तारेचा ब्रश, ॲसिड, वाळूचा मारा, रंग: यातलं एक जरी टळलं तरी मंडळाचं वर्ष सार्थकी लागलं. भांडून ते टळत नाही. रंगाऱ्याला लेखाच्या ओळी तेवढ्या सोडायला सांगा, त्याबदल्यात कळसाच्या रंगाची वर्गणी मंडळाने भरावी. मला हा सौदा स्वस्त वाटतो.

आठवं काम: माणसांच्या आठवणी

मोडी कागद बहुतेक वतनदारांचे, देवस्थानांचे, सरकारचे. येसकर, मांग, वडार, कोळी, शेतमजूर बायका त्यात येतात त्या बहुधा फिर्यादीत किंवा वेठीच्या यादीत. त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून घ्यावी लागते. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे: हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रकल्पाने खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. इतका इतिहास जात्यापाशी बसून होता.

मुलाखतीचा विषय एकच घ्या. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी १९७२ चा दुष्काळ सुचवतो, कारण तेव्हा कामावर गेलेली माणसं अजून भेटतात. 'दुष्काळ कसा होता?' असं विचारलंत तर 'लई वाईट व्हता बाबा' एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: मावशी, खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर जायचात? हजेरी कोण मांडायचं? पगार कोणत्या वारी? पोर कोणाजवळ ठेवायचात? सुकडी (कामावर वाटलं जाणारं कोरडं खाणं) कशात घ्यायचात? मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना मोडायची का? मग बोलणं आपोआप उलगडतं, आणि आज डांबरी झालेला रस्ता कोणाच्या हातांनी तयार झाला ते नावानिशी कळतं.

साल विचारू नका, ते आठवत नाही. खुणा विचारा. गांधीबाबा गेले तेव्हा (३० जानेवारी १९४८), पानशेत फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७), किल्लारीच्या आधी की नंतर (३० सप्टेंबर १९९३)? 'भूकंप झाला तवा थोरला पोटात व्हता' एवढं मिळालं की बाकी गणित तुमचं.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि संमती बोलून घ्या. बोलीतले शब्द लिहून काढताना 'शुद्ध' करू नका. आणि कोणी एखादी गोष्ट सांगून 'हे छापू नका' म्हणालं, तर ती छापायची नाही, मग ती कितीही रसाळ असो.

कायद्याचं थोडं

नांगरताना, पाया खणताना नाण्यांचं मडकं निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मंडळाने ते 'सुरक्षित' म्हणून आपल्याकडे ठेवणं बेकायदा ठरेल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या मूर्ती, नाणी वगैरे वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं येतात. त्या घरात असणं हा गुन्हा नाही, पण काही प्रकारांची नोंदणी लागते, विक्रीला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. गावकऱ्यांचा राग बहुतेक वेळा यावरच असतो, तेव्हा नियम नीट समजून घेऊन जा.

उघड्यावरच्या चांगल्या मूर्तीचा फोटो ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नका. चोरही ते बघतात. नेमकं ठिकाण वहीत, बाहेर फक्त तालुका.

राखणं

आता कोणी आपणहून कागद देऊ केले तर. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरतो. मांजरपाट (जाडं सुती कापड) आणा, दोनदा धुऊन खळ काढा, वाळवा, त्यात बांधा. खळ राहिली की कसर आणि झुरळं आलीच. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर. सुका कडुनिंबाचा पाला चालतो, पण वर्षातून दोनदा बदलायचा, आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक रुमाल उघडून बघायचा. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी जितके कागद मेले तितके वाळवीने मेले नसतील; लॅमिनेट केलेली सनद पुन्हा सोडवता येत नाही.

नदीकाठचं गाव असेल तर कपाट तळमजल्यावर नको, मग जागा कितीही फुकट मिळो. चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले. ओला झालेला गठ्ठा तिथल्या तिथे उलगडायचा नाही, उन्हात तर अजिबात नाही. पाणी निथळू द्या, सावलीत पंख्याखाली ठेवा, कोरे टीपकागद मधे सरकवत राहा. फार गठ्ठे भिजले असतील तर जवळच्या आइस्क्रीमवाल्याचा किंवा मासळीवाल्याचा डीप फ्रीजर मागून त्यात ठेवा. बुरशी थांबते आणि जाणकार येईपर्यंत सवड मिळते.

नोंदणी, पैसा आणि मंडळ बंद पडलं तर

संस्थेची नोंदणी वर्ष-दीड वर्ष काम झाल्यावर करा. सात सभासद लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, तेव्हा हिशेब लिहिणारा सभासद आधी शोधा. तोवर खर्च मांजरपाट, वही, डिस्क आणि पेट्रोलचा. तो वर्गणीतून निघतो.

एखाद्या छंदिष्टाचा संग्रह पुढे टिकवायचा तर काय लागतं, हे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये बघायला मिळतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात सापडणाऱ्या सातवाहनकाळच्या वस्तू जमवल्या आणि तो संग्रह आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. असे बाकीचे किती संग्रह वारसांनी भंगारात घातले, त्याची मोजदाद नाही. म्हणून मंडळाच्या घटनेत एक कलम पहिल्या दिवशीच घाला: मंडळ बरखास्त झालं किंवा तीन वर्षं बैठक झाली नाही, तर वह्या, डिस्क आणि स्वाधीन झालेले कागद कोणत्या संस्थेकडे जातील. त्या संस्थेचं संमतीपत्र आधीच आणून घटनेला जोडा. वहीची एक छायाप्रत दर गुढीपाडव्याला तिच्याकडे पोचती करा आणि पोच घ्या.